बिजागरीपासून नऊ इंच

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार, दि. ४ एप्रिल २००४

तीर्थस्वरूप गं. भा. अक्का हिच्या पायांवर धाकट्या यादवचं डोकं, आणि डोक्यात जे काही थोडंफार उरलं असेल तेही तिच्याच पायांवर. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तिकडे तुझं मनगट, मनोजची पाठ, तुमची म्हैस आणि नामपूरच्या बाजारातला कांदा हे सगळे बरे असल्याचं कळव. मनगटाचं मुद्दाम विचारतो. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो तू दाबतेस की नातवाला खेळायला देऊन टाकलास? (तेजस्विनी, सूनबाई, हे पत्र अक्काला तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा नियम नीट ऐक. कंसातलं मनात वाचायचं, बाकीचं मोठ्यानं. सासूबाईंनी मध्येच का थांबलीस विचारलं, तर मामांचं अक्षर लागत नाही म्हण. त्यांना लगेच पटेल.)

अक्का, मी गेल्या पाच महिन्यांत तुला फोन किती वेळा केला, याचा हिशेब सोड, पण दर वेळी मनोज म्हणतो की आई मळ्यात गेलीय. एप्रिलच्या भर दुपारी, मोडलेलं मनगट घेऊन, अडुसष्ट वर्षांची बाई मळ्यात काय करते, हे मी त्याला विचारलं नाही. त्याला खोटं बोलताना ठेच लागते हे मला ऐकू येतं. परवा मात्र त्यानं तुझा निरोप सांगितला की आखाजीला यंदा येत नाही, या वयात माहेर कसलं. अक्का, आई-दादा गेल्यापासून आमचं घर हेच तुझं माहेर. एकोणीस वर्षांत तुझी एक आखाजी चुकली नाही. जुन्या घराच्या गॅलरीत मी साडीचा झोका बांधायचो, तू त्यावर बसून गाणी म्हणायचीस आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर बघत राहायचे. आता अडीच आठवड्यांवर अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, आली आणि तू येत नाहीस म्हणतेस. हे मला चालणार नाही. हे पत्र त्याचसाठी आहे. पण ते सरळ त्या विषयावर यायच्या आधी तुला एक फार मोठी गोष्ट सांगायची आहे. अक्का, मी शोध लावला आहे! साठाव्या वर्षी!

शोध समजायला आधी माझं सध्याचं आयुष्य समजलं पाहिजे. मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. तेवीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना व्यवसाय शिक्षण दिलं, म्हणजे विजेचं काम शिकवलं. (लग्नसमारंभात कोणी विचारलं की आपण काय करता, तर मी म्हणायचो, व्यवसाय शिक्षणाचा प्राध्यापक. समोरचा म्हणायचा, वा, आणि व्यवसाय कोणता करता? हे तेवीस वर्षं चाललं.) जिन्याचं वायरिंग, गोडाउनचं वायरिंग, घंटी, पंखा, मोटार, सगळं फळ्यावर. कारण खडूचा शॉक लागत नाही. घरात मात्र तुझ्या भावजयीनं, म्हणजे चांगुणानं, मला १९८६ सालापासून विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायला बंदी केली आहे. त्या साली मी इस्त्री दुरुस्त केली होती. ती उत्तम तापायची, फक्त उभी धरली तरच. तेव्हापासून आमच्याकडे बल्ब गेला की शेजारचे बँकेतले कारकून येऊन बदलतात आणि मी खाली स्टूल धरतो. स्टूल धरताना त्यांना मी सिद्धांत समजावून सांगतो, पण हल्ली ते कान देत नाहीत.

आता तुझ्या लक्षात येईल की तुझ्या घरातला बोर्ड हे माझ्या हातचं आयुष्यातलं एकमेव टिकलेलं काम का आहे. १९८१ साली तुमच्या गल्लीत वीज आली, तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. सुट्टीत टेस्टर, पेचकस, पकड, लाकडी पट्ट्या आणि खिळ्यांचा डबा घेऊन एस.टी.नं नामपूरला उतरलो. तुझ्या पुढच्या खोलीला एका फळीचं नवं दार बसवलं होतं. त्या दारापाशी बिजागरीपासून नऊ इंच आणि जमिनीपासून सव्वाचार फूट, असं मापून मी बोर्ड ठोकला. बल्ब लागला तेव्हा तू बोर्डाला हळदकुंकू लावलंस आणि नारळ फोडलास. पुढं कोणीही आलं की आधी पाणी नाही, चहा नाही, बोर्ड दाखवायचीस. "मना भाऊनी बसाडेल शे." मी प्राध्यापक झालो हे कॉलेजात कोणाला पटलं असेल-नसेल, तुझ्या गल्लीला पटलं होतं. पंचाण्णव साली मनोजनं सगळं वायरिंग नवं करून घेतलं, तेव्हाही तू त्या एका बोर्डाला हात लावू दिला नाहीस. वायरमन म्हणाला, मावशी, हलवू का? तू म्हणालीस, भाऊचं काम आहे. हे मनोजनंच मला सांगितलं होतं आणि मी ते स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं होतं.

(तेजस्विनी, आता पुढचा भाग मोठ्यानं वाचायच्या आधी अक्काला जरा टेकून बसव.)

जानेवारीत आम्ही इकडे पाथर्डी फाट्याला नव्या फ्लॅटमध्ये आलो. हवा आहे, पाणी आहे, गॅलरीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, तक्रारीला जागा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला मी दूध घेऊन आलो. दार आत ढकललं, आत अंधार. बटणासाठी भिंत चाचपली तर भिंतच लागेना, कारण भिंतीवर उघडलेलं दार होतं आणि बोर्ड दाराच्या मागे! म्हणजे आत जा, दार लावा, काळोखात उलटे फिरा आणि मग बटण शोधा. मी आत गेलो, चपलांच्या मांडणीवर आपटलो आणि दोन लिटर दुधासकट आडवा झालो. चांगुणा स्वयंपाकघरातून आली. तिनं आधी दूध पाहिलं, मग मला, आणि म्हणाली, "बटण दाबायला काय होतं तुम्हाला? वेंधळेपणाची पण हद्द असते!"

अक्का, ते वाक्य ऐकलं आणि मी दुधातच बसून राहिलो. शब्दाला शब्द तेच वाक्य. हे वाक्य मी कुठं ऐकलंय, की कुणाला म्हटलंय, असं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं, पण त्या वेळी मी ते बाजूला सारलं, कारण मला कोणावर तरी चिडायचं होतं. मी बिल्डरला फोन करून असा झाडला की मी कशासाठी झाडतोय हेच त्याला दहा मिनिटं कळेना. कोण हा वायरमन? कुठल्या गाढवानं याला शिकवलं? त्याला माझ्यासमोर उभा करा! दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पस्तिशीचा, टेस्टर खिशात लावलेला एक माणूस. त्यानं मला पाहिलं, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, सर, ओळखलं का? दीपक. ब्याऐंशीची बॅच... नाही, सत्त्याऐंशीची. (वर्ष त्यानं नीट सांगितलं होतं, मीच घोटाळा केला. त्या क्षणी मला माझं नावही विचारलं असतं तर चुकलं असतं.)

मी त्याला हात धरून दारामागे नेलं आणि म्हटलं, हे काय आहे? दीपकनं खिशातून टेप काढला, बिजागरीपासून मोजलं. नऊ इंच. जमिनीपासून मोजलं. सव्वाचार फूट. सुताभराचा फरक नाही. मग तो वर्गात उभं राहून म्हणायचा तसा ताठ उभा राहून म्हणाला, "सर, बिजागरीपासून नऊ इंच, जमिनीपासून सव्वाचार फूट. हे चुकलं की तुम्ही आख्खी बॅच बाहेर उभी करायचा." मी म्हटलं, अरे पण दार आत उघडतं ना! तो म्हणाला, दारं सगळी आतच उघडतात सर. आम्हाला वाटायचं, आत उघडून बोर्ड झाकला गेला की लहान पोरांचा हात लागत नाही, म्हणून सरांनी मुद्दाम तसं सांगितलं असेल. आम्ही गिऱ्हाइकालाही तेच सांगतो. अक्का, माझ्या चुकीला माझ्या विद्यार्थ्यांनी कारणसुद्धा शोधून ठेवलं होतं! आणि वर तो कौतुकानं सांगतो की सिडको म्हणू नका, इंदिरानगर म्हणू नका, गंगापूर रोड म्हणू नका, निम्म्या नव्या नाशिकचं वायरिंग आपल्याच पोरांनी केलंय, कुठंही जा, बोर्डाची जागा पाहून ओळखता येतं की हा सरांचा माणूस.

त्याच दुपारी मी लूना काढून कॉलेजात गेलो. माझं मापच चुकलं कसं, ते मला बघायचं होतं. आमची प्रयोगशाळा म्हणजे मुळात कांद्याचं गोडाउन. संस्थेनं ते घेऊन त्यात टेबलं मांडली आणि पाटी लावली. प्रयोगशाळेचा शिपाई गेणू अजून तिथंच आहे. त्याला म्हटलं, दार उघड. गेणूनं दार उघडलं, आणि ते बाहेर उघडलं. तेवीस वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर केलं, पण ते कुठं उघडतं हे बघितलं नव्हतं, कारण मी येण्याआधी गेणू ते उघडून ठेवायचा. गेणू म्हणाला, "गोडाउनचं दार बाहेरच उघडतं सर. आत उघडलं तर गोण्या आडव्या येत्यात. तुम्हाला हे म्हाईत नव्हतं व्हय?" कडीच्या बाजूला खिडकी, म्हणून जुन्या मालकानं बोर्ड बिजागरीकडे बसवलेला. बाहेर उघडणाऱ्या दाराला काही अडत नव्हतं. आणि माझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत एवढंच लिहिलेलं होतं की बोर्ड योग्य जागी बसवावा. योग्य जागा म्हणजे कुठली? नोकरीचा पहिला आठवडा, अंगात उत्साह. मी टेप घेतला, प्रयोगशाळेतला बोर्ड मोजला आणि फळ्यावर लिहून टाकलं. पुढं ते मी कधी पुसलंच नाही.

अक्का, एखाद्याला अशा वेळी झोप आली नसती. मला मात्र विलक्षण हुरूप आला. नाशिकमध्ये हजारो दारं आणि त्या सगळ्यांमागे मी! मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि घरोघर पाहणी सुरू केली. निवडणुकीचे दिवस, हातात वही, त्यामुळे पहिल्या चार इमारतींत मला मतदार यादीवाला समजून लोकांनी नावं सांगितली. पाचव्या इमारतीत एका पक्षाचा माणूस समजून पाण्याची तक्रार सांगितली. मी ती लिहून घेतली. तपासणीची पद्धत मात्र थोडी अवघड होती. आत जायचं, दार लावायचं आणि किती अंधार होतो ते बघायचं. आता अनोळखी म्हातारा घरात शिरून आतून दार लावतो, हे सगळ्यांनाच सोसतं असं नाही. इंदिरानगरात नवसाबाई नावाच्या बाईंच्या घरी दार उघडंच होतं. मी "आहे का कोणी" असं विचारलं, पण मिक्सर चालू होता. मी आत गेलो, दार लावलं आणि वहीत लिहितोय, इतक्यात त्या हातात लाटणं घेऊन आल्या. मी म्हटलं, बाई, घाबरू नका, मी फक्त अंधार बघतोय. त्यांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून वरच्या मजल्यावरून तीन माणसं, खालून वॉचमन आणि समोरून एक कुत्रं आलं. (तेजस्विनी, लाटणं लागलं की नाही हे विचारलं तर नाही म्हण. खांद्याला लागलं, पण वरवरच.)

पण त्यापुढं जे झालं तेच मला तुला सांगायचं आहे. मी धापा टाकत सगळ्यांना बोर्ड दाखवला, दार दाखवलं, नऊ इंच दाखवले आणि म्हटलं, ही चूक माझी आहे. नवसाबाईंच्या हातातलं लाटणं हळूहळू खाली आलं. म्हणाल्या, "म्हणजे आम्ही वेंधळं नाय?" लग्न होऊन नऊ वर्षं झाली, या दारात दोनदा पडल्या, एकदा सासूबाईंची काचेची बरणी फुटली, तेव्हापासून घरात त्यांना सगळे तेच म्हणतात. बाईंनी मला बसवलं, चहा दिला आणि सासूबाईंना आतून हाताला धरून आणलं. म्हणाल्या, सर, एवढं एकदा यांच्यासमोर बोला. मी बोललो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मी पण दोनदा पडले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. मग दोघी हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. मी लूनावर बसलो तरी ती चालू करायची हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मी वहीत एक रकाना वाढवला: या घरात वेंधळं कोण? आजपर्यंत एकशे तेरा घरं झाली. एकशे तेरा घरांत हे विचारलं की सगळे एकाच माणसाकडे बोट करतात, आणि एकशे चार घरांत ती बाई असते. घरचा पुरुष पडला की मांडणी आडवी आलेली असते, बाई पडली की ती वेंधळी. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मग मी दीपकला बोलावलं, दीपकनं बाकीच्यांना. गेल्या रविवारी गोदाघाटावर मोकळ्या जागेत आमची सभा झाली. चाळीसेक माजी विद्यार्थी, कुणाचे केस गेलेले, कुणाचं पोट सुटलेलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मुलांनो, मी तेवीस वर्षं चुकीचं शिकवलं. मग एक जण मागून म्हणाला, सर, मग त्या वेळी बाहेर उभं केल्याचे दिवस हजेरीत धरणार का? एवढा हशा पिकला की घाटावर कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. ठरलं असं की दर रविवारी ज्यानं जिथं काम केलं त्यानं तिथं जाऊन फुकट बोर्ड हलवून द्यायचा, बिजागरीकडून कडीकडे. सुरुवात माझ्या घरापासून. पण माझ्या घरी सुतार बहिरू आला आणि म्हणाला, बोर्ड कशाला हलवता, भिंत कशाला फोडता, दारच उलटं लावतो ना. बिजागऱ्या इकडच्या तिकडे, अर्ध्या तासाचं काम. मला ते फारच हुशारीचं वाटलं. दार उलटं लागलं, बोर्ड मोकळा झाला, आत शिरताच हाताशी बटण. फक्त आता दार पूर्ण उघडलं की फ्रिज उघडत नाही, आणि फ्रिज उघडला की आम्ही घरात कोंडले जातो. चांगुणा चार दिवस माझ्याशी लागेल तेवढंच बोलते आहे.

तरीही अक्का, मी आनंदात आहे. साठाव्या वर्षी आपली चूक सापडणं आणि ती दुरुस्त करायला चाळीस पोरं मिळणं, असं किती जणांच्या वाट्याला येतं? तेव्हा पुढच्या रविवारी मी आणि दीपक पहिल्या गाडीनं नामपूरला येतो. तुझ्या पुढच्या खोलीतला बोर्ड कडीच्या बाजूला घेऊ. तांत्रिक त्रुटी आहे, दुसरं काही नाही. बहिरूला आणत नाही, काळजी करू नको. मनोजला सांग, सकाळी मेन बंद ठेव. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून हात फिरव.

तुझा धाकटा भाऊ,
यादव

ता. क. आखाजीला येताना कुरडया आण. चांगुणाच्या कुरडया यंदा नव्या गॅलरीत वाळल्याच नाहीत, त्यांना डोंगराची हवा मानवली नाही.

ता. क. दुसरा. तेजस्विनी, अक्का ऐकून काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. काही म्हणाल्या नाहीत तर तेही लिही.

ता. क. तिसरा. अक्का, तांत्रिक त्रुटी म्हटलं ते खोटं आहे. एवढं सगळं लिहिलं ते या एका ओळीपर्यंत यायला. गेल्या भाऊबिजेच्या संध्याकाळी मी अंगणात पाटाची वाट बघत बसलो होतो आणि पाट आणायला तू त्या खोलीत गेलीस. तू पडलीस, आणि मी उठून तुला हात द्यायच्या आधी ओरडलो. बटण दाबायला काय होतं तुला, वेंधळेपणाची पण हद्द असते. मनोजच्या सासरची माणसं, शेजारच्या बायका, सगळ्यांसमोर. तुझं मनगट मोडलेलं होतं आणि तू डाव्या हातानं मला ओवाळलंस. मला वाटलं, उजवा हात का वापरत नाही ही. मी इतका आंधळा. एकशे तेरा घरांत जाऊन मी चूक कबूल केली, अक्का, कारण नामपूरला एका घरात येऊन ती कबूल करायची हिंमत होत नव्हती. वेंधळी तू नव्हतीस. मला माफ कर. आखाजीला ये. तू आली नाहीस तर मी या घरात कुठल्या तोंडानं झोका बांधू?

ता. क. चौथा, चांगुणाच्या हातचा. वन्सं, यांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी वाचलं आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. तुम्ही घातलेली शपथ मी आज मोडते. नव्वद साली मी कुरडया करायला नामपूरला आले होते. दिवेलागणीला मीच त्या दारात आपटले आणि तुम्हाला विचारलं की वन्सं, हा बोर्ड असा दारामागे कसा. तुम्ही आधी हसलात आणि मग म्हणालात, "पहिल्याच सांजले समजनं माले. पन भाऊ इतला खूश व्हता, त्याले काय सांगू?" कोणी हलवू नये म्हणून तुम्ही तेवीस वर्षं राखण केलीत, आणि शेवटी त्याच्याचपायी बोलणी खाल्लीत. तेही यांच्याच तोंडून. मी त्या दिवशी तिथं होते आणि मीही गप्प बसले, म्हणून मलाही माफ करा. हे सगळं मी यांना आत्ता वाचून दाखवलं. मघापासून पत्र संपल्याच्या खुशीत शीळ घालत होते, ते उठले. नव्या गॅलरीत वर छताला हूक नाही, तिथं झोका कसा बांधायचा ते बघायला स्टूल घेऊन गेलेत. स्टूल आज मी धरणार आहे. तुम्ही या.